हत्याराचं पाणी

खंडेनवमीला गॅरेजच्या फळ्यांवर आणि सुतारांच्या पेट्यांवर झेंडू चढतो. त्याआधी हत्यारं बाहेर काढून रॉकेलच्या बोळ्याने पुसली जातात. वर्षभर अंधारात हात घालून जे सापडेल ते उचललेलं असतं, त्या दिवशी मात्र प्रत्येक हत्यार उजेडात धरून बघितलं जातं. पकडीचे दात गुळगुळीत झालेले असतात. दहा-अकराचा पाना तोंडाशी फाकलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरचं टोक गोल झालेलं, छिन्नीचं डोकं घाव खाऊन छत्रीसारखं पसरलेलं, पटाशी धार लावून लावून अर्ध्या लांबीवर आलेली. पूजा होते, हळदकुंकू वाहिलं जातं आणि मनाशी एक यादी तयार होते. दिवाळीत चार पैसे हातात आले की ती यादी घेऊन माणूस बाजारात जातो आणि तिथे दुकानदारच त्याला पहिला प्रश्न विचारतो: कंपनीचं देऊ की साधं?

पुण्यात रविवार पेठेतल्या बोहरी आळीत, मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर, तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात हा प्रश्न दिवसभर ऐकू येतो. त्याचं उत्तर बहुतेक जण खिशाकडे बघून देतात. ते चूक आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या उत्तराआधी दोन-तीन गोष्टी ठाऊक असल्या तर खिशाला पुढे कमी तोशीस पडते.

पहिली गोष्ट झिजेची. झिजलेलं हत्यार फक्त स्वतः निकामी होत नाही, ते कामही नासवतं. फाकलेला पाना नटाचे सहा कोपरे खातो. एकदा नट गोल झाला की नवा कोरा पानासुद्धा त्याला धरत नाही. मग पाईप पाना, मग छिन्नी, मग वेल्डिंगवाला. दहा मिनिटांच्या कामाचा अर्धा दिवस होतो. टोक गेलेला स्टार स्क्रू ड्रायव्हर स्क्रूचं डोकं असंच कुरतडतो. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सने १९३६ मध्ये या चौपाखी खाचेची पेटंटं मिळवली. खाच आतून निमुळती असल्यामुळे जोर वाढला की ड्रायव्हर आपोआप वर उचलला जातो. त्यात टोक झिजलेलं असेल तर तो वर येताना खाच सोलूनच येतो. फर्निचरच्या बऱ्याच स्क्रूंवर चार पाकळ्यांच्या मध्ये तिरक्या बारीक रेघा दिसतात. तो स्क्रू पोझिड्राइव्ह जातीचा, त्याला ड्रायव्हरही वेगळा लागतो. आपल्याकडे दोघांनाही ‘स्टार’ म्हणतात आणि एकाच ड्रायव्हरने दोन्ही फिरवतात. मग शिव्या मात्र ड्रायव्हर बनवणाऱ्याला बसतात.

छिन्नीच्या पसरलेल्या डोक्याची गोष्ट आणखी गंभीर आहे. त्या कडेचा तुकडा हातोड्याच्या घावाने गोळीसारखा उडतो आणि डोळ्यात जातो. तिथे नवी छिन्नी घेण्याचीही गरज नसते. ग्राइंडरवर ती कड घासून काढली की छिन्नी पुन्हा कामाला येते. बदलायचं काय आणि दुरुस्त करायचं काय, हा निवाडा ब्रँडच्या आधी करायचा असतो.

दुसरी गोष्ट पोलादाची, आणि सगळी मेख इथेच आहे. वांगं बोटाने दाबून घेता येतं, पाना दाबून बघता येत नाही. दुकानाच्या काउंटरवर दोन पाने शेजारी ठेवले तर दोन्ही चकाकतात, दोन्हींवर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं इंग्रजीत कोरलेलं असतं, दोन्ही हाताला जड लागतात. एक घणाखाली ठोकून घडवलेला, नीट तापवून कडक केलेला असतो. दुसरा मऊ लोखंडाचा, वरून मुलामा दिलेला. फरक कळतो तो गंजलेल्या बोल्टवर सगळं वजन टाकल्यावर, तेव्हा दुकान बंद झालेलं असतं.

पोलाद कडक कसं होतं हे गावच्या लोहाराकडे उभं राहून बघितलेल्यांना सांगायला नको. कार्बन असलेलं पोलाद लाल होईपर्यंत, म्हणजे साधारण आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवायचं आणि एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवायचं. ते कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही होतं. म्हणून त्याला पुन्हा हलकं तापवावं लागतं, दोनशे ते तीनशे अंशांच्या दरम्यान. लोहाराकडे तापमापक नसतो. तो धारेची बाजू दगडावर घासून चकचकीत करतो आणि मागच्या उष्णतेने तिच्यावर चढत जाणारे रंग बघत बसतो. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. पटाशीला पिवळ्यावर थांबायचं, ठोकायच्या छिन्नीला जांभळ्यावर, आणि तो रंग धारेपर्यंत आला की पुन्हा बुडवायचं. क्षणभर उशीर झाला की धार मऊ, क्षणभर घाई झाली की धार तडकणार. यालाच हत्याराला पाणी देणं म्हणतात. सगळी कला त्या काही क्षणांत असते, आणि हत्यार थंड होऊन पुसलं गेलं की तिची खूण डोळ्यांना दिसत नाही.

कारखान्यात हेच काम भट्टीच्या नियंत्रकावर होतं आणि मग रॉकवेल यंत्रावर हिऱ्याचं टोक दाबून कठीणपणा मोजला जातो. चांगल्या पकडीत एकाच तुकड्यात दोन स्वभाव असावे लागतात. दांडे आणि जबडे चिवट हवेत, म्हणजे ताण सोसतील. तार तोडायची धार मात्र त्याहून बरीच कठीण हवी. म्हणून धारेपुरताच भाग विजेच्या इंडक्शनने वेगळा तापवून कडक करतात. स्वस्त पकडीत नेमकी हीच पायरी गाळलेली असते. चार खिळे तोडले की धारेत अर्धचंद्र पडतात.

म्हणजे ग्राहक जे विकत घेतो ते त्याला दिसत नाही. म्हणूनच नाव लागतं. कोणीतरी आपण होऊन सांगावं लागतं की हे पाणी मी दिलंय, बिघडलं तर मला विचारा.

नावाच्या या धंद्याला मोठा इतिहास आहे. इंग्लंडातल्या शेफिल्डमध्ये सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्यांची संघटना १६२४ मध्ये संसदेच्या कायद्याने उभी राहिली आणि कारागिरांच्या खुणा नोंदवणं हे तिचं एक मुख्य काम होतं. कुणाची खूण कुणी वापरायची नाही. एकोणिसाव्या शतकात शेफिल्डचं नाव जगभर झालं, तेव्हा जर्मनीतल्या झोलिंगेनहून येणाऱ्या स्वस्त मालावर ‘शेफिल्ड’ हा शिक्का दिसू लागला. इंग्रजांनी ओरड केली आणि १८८७ मध्ये कायदा केला की परदेशी मालावर त्याच्या देशाचं नाव हवं. ‘मेड इन जर्मनी’ ही अक्षरं आली ती ग्राहकाला सावध करण्यासाठी. जर्मन कारखानदारांनी पुढे माल इतका सुधारला की तीच अक्षरं बघून लोक जास्त पैसे मोजायला लागले. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात आजही शेफिल्डचा शिक्का असलेली एखादी पटाशी किंवा करवत गंजलेल्या ढिगात सापडते. जाणता सुतार ती बोलण्याच्या ओघात उचलून बाजूला ठेवतो, भाव वाढू नये म्हणून चेहऱ्यावर काही दाखवत नाही.

आपल्याकडचं उदाहरण याहून बोलकं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा शेतकऱ्यांनी तो घेतला नाही. लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी समजूत होती. पहिले नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागल्याचं सांगतात. औंध संस्थानच्या आश्रयाने १९१० मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. शेतकऱ्यांचा नांगरावरचा विश्वास शिक्क्याने आला नाही. शेजाऱ्याच्या रानात नांगर चालताना दिसला, जमीन विषारी न होता पीक उभं राहिलं, तेव्हा तो आला. नाव मागाहून मोठं झालं.

आजच्या हत्यारांच्या दुकानात मराठी मुलखातली दोन नावं तरी नक्की भेटतात. एक टपारिया. १९६९ पासून पकडी, पाने, स्क्रू ड्रायव्हर बनवणारी ही कंपनी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतली. सुरुवातीचं तंत्रज्ञान स्वीडनच्या बाहको कंपनीचं. बाहको म्हणजे ज्यांच्या योहान पेत्तर योहान्सनने १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला आजच्या घडणीचा स्क्रू पाना आणला ती कंपनी. गॅरेजमध्ये कुठल्याही पोराला ‘स्क्रू पाना दे’ म्हटलं की तो जे हत्यार आणून देतो त्याचं मूळ तिकडे आहे. दुसरं नाव जे. के. फाइल्स. रेमंड समूहाने वाढवलेल्या या कंपनीच्या कानशी रत्नागिरी आणि चिपळूणमध्ये बनतात आणि जगभर जातात. कानस ही फसवणूक ओळखायची सगळ्यात स्वस्त मोजपट्टीही आहे, तिचा उपयोग पुढे सांगतो. बाकी बाजार पंजाबचा. जालंधर आणि लुधियानात हाती हत्यारांचे कारखाने दाटीने आहेत. युरोप-अमेरिकेतल्या दुकानांत जाणारा माल आणि आपल्या आठवडी बाजारात फुटपाथवर मांडलेला माल, दोन्ही त्याच गावांतून निघतात. त्यामुळे ‘जालंधरचं आहे’ या वाक्याला एकट्याने काही अर्थ नाही. तिथे उत्तमही बनतं आणि टाकाऊही.

आता नकलेकडे येऊ. ज्या नावाचा खप, त्याच नावाची नक्कल. एखादं अक्षर इकडचं तिकडे, तोच रंग, तशीच मूठ. ट्रेडमार्क कायद्यात (१९९९) खोट्या खुणेसाठी सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड लिहिलेला आहे. तरी बाजार थांबत नाही, कारण घेणाऱ्यालाही बऱ्याचदा ठाऊक असतं. ‘डुप्लिकेट आहे, पण चालतंय’ असं तो स्वतःच सांगतो. माझा आक्षेप या चालतंयवर आहे. घरात वर्षातून दोनदा टेबलाचा स्क्रू आवळणाऱ्याला साधं हत्यार खुशाल पुरेल, त्याने महागाचं घेऊ नये असंच मी म्हणेन. पण ज्याचं पोट त्या पान्यावर आहे, त्याने नकली घेणं ही काटकसर नव्हे.

दुकानात उभं राहून काय बघायचं? पकड बंद करून उजेडासमोर धरावी. तार तोडायच्या दोन धारांमधून उजेडाची रेघ दिसली तर परत ठेवावी. त्या धारेने पातळ कागद कापून बघावा, फाटला तर धारा जुळलेल्या नाहीत. रिबेटजवळ डावी-उजवी हलवून बघावी, तिथे खेळ नको आणि जडपणाही नको. हातोड्याचा दांडा डोळ्यासमोर धरून लाकडाचे तंतू बघावेत. ते लांबीने सरळ गेलेले हवेत, आडवे कापलेले असले की दांडा तिथेच मोडतो. बाभळीचा दांडा मिळाला तर घ्यावा. आणि कानस: दुकानदार ओळखीचा असेल तर जुन्या कानशीची कड धारेच्या आतल्या बाजूला हलकेच ओढून बघू द्यायला सांगावं. कानस सरकली तर पोलाद कडक, चावली तर मऊ. अनोळखी दुकानात हे करू नका, तो हत्यार तुमच्याच गळ्यात मारेल.

आयएसआय खूणही अशीच तपासून घ्यावी. पकडीसाठी आयएस ३६५०, स्क्रू ड्रायव्हरसाठी ८४४, हातोड्यासाठी ८४१, पाईप पान्यासाठी ४००३ अशी भारतीय मानकं आहेत. नुसती खूण छापणं सोपं असतं. तिच्याजवळ मानकाचा क्रमांक आणि ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. तो बीआयएस केअर या मोबाइल अॅपमध्ये टाकला की परवाना कोणाचा, कशासाठी आणि चालू आहे की नाही ते समोर येतं. दुकानातच बघता येतं, दुकानदाराला त्यात अपमान वाटायचं कारण नाही.

वायरमन मंडळींसाठी एक वेगळा मुद्दा आहे, आणि इथे मी काटकसरीचा शब्दही ऐकणार नाही. पकडीच्या दांड्यावर प्लास्टिकचं आवरण असतं ते हातात नीट बसावी म्हणून. ते विजेपासून वाचवतंच असं नाही. चालू विजेवर काम करायच्या हत्यारावर एकात एक दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असा आकडा असतो, सोबत आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकाचा उल्लेख. अशी हत्यारं दहा हजार व्होल्टवर एकेक तपासून बाहेर पडतात. आवरणाला चीर गेली की ते हत्यार विजेच्या कामातून बाद. त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळून वापरणारे मुंबईच्या लोहार चाळीपासून चंद्रपूरपर्यंत सगळीकडे आहेत. त्यांना ब्रँड समजावण्याआधी हे समजवायला हवं.

इतकं सांगूनही मी सगळ्या हत्यारांसाठी कंपनीचं नाव शोधा म्हणणार नाही. पाने, पकड, स्क्रू ड्रायव्हर, हॅक्सॉचं पातं, कानस, एल-की ही हत्यारं दुरुस्त होत नाहीत. गेली की गेली. तिथे पहिल्यांदाच चांगलं नाव घ्यावं. विळा, कोयता, कुऱ्हाड, खुरपं यांचं तसं नाही. त्यांना दरवर्षी शेवटून, धार काढून, दांडा बदलून घ्यायचं असतं. तिथे कंपनीपेक्षा लोहार जवळ असणं महत्त्वाचं. ऊसतोडीला निघणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीलाच मुकादम ‘एक कोयता’ म्हणून मोजतो. त्या जोडीची उचल, हंगाम, सगळं त्या पात्यावर असतं. ट्रकच्या कमानपाट्याचा कोयता ते मागून घेतात, कारण कमानीचं पोलाद मुळात हादरे सोसायला बनवलेलं असतं आणि लोहाराला त्याचं पाणी ठाऊक असतं. चकचकीत पॅकिंगमधला कोयता त्यांना कोणी फुकट दिला तरी ते आधी लोहाराला दाखवतील. या विश्वासाला वॉरंटी कार्ड नसतं. कोयता मोडला तर पुढच्या बाजाराच्या दिवशी लोहार समोर बसलेला सापडतो, एवढंच.

सुताराची पटाशी आणि रंध्याचं पातं या दोन्ही प्रकारांच्या मध्ये पडतात. चांगलं नाव हवंच, पण निम्मी हत्यारं नावामुळे खराब ठरत नाहीत, ग्राइंडरमुळे ठरतात. विजेच्या ग्राइंडरवर पटाशी दाबून धरली की धारेवर निळा रंग चढतो. लोहार जो रंग टाळायला धडपडतो तोच. त्या निळ्या भागाचं पाणी उतरलेलं असतं, मग रोज धार लावा, संध्याकाळी बोथट. दुकानदाराकडे ‘कंपनीचं असून धार टिकत नाही’ म्हणून येणाऱ्या तक्रारींत हा प्रकार मोठा असतो. घासताना दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवायची आणि शेवटची धार कुरुंदाच्या दगडावर हाताने काढायची, हा जुना शिरस्ता आळसाने मोडला गेलाय.

परदेशातल्या आजीवन हमीचं आपल्याकडे फार कौतुक आहे. अमेरिकेत सिअर्स या दुकानाने १९२७ मध्ये क्राफ्ट्समन नावाची हत्यारं आणली. तुटलेला पाना दाखवा, नवा घेऊन जा, प्रश्न नाही, अशी त्यांची ख्याती झाली. २०१७ मध्ये सिअर्सने ते नाव स्टॅनली ब्लॅक अँड डेकरला विकून टाकलं. हमी हत्यारापेक्षा जास्त जगेलच असं नाही. शिवाय इथली बहुतेक हमी फक्त घडणीतल्या दोषाला असते, झिजेला नाही, आणि पान्यावर पाईप चढवून जोर लावला असेल तर तीही नाही.

सरकारी योजनेचं एक सांगायला हवं. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. सुतार, लोहार, गवंडी, कुलूप बनवणारे आणि हातोडा-टूलकिट बनवणारेही धरून अठरा व्यवसाय तिच्यात आहेत. हत्यारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतची मदत ई-व्हाउचरने मिळते. रक्कम वाईट नाही. पण ती तयार पेटीत अडकली तर जे हत्यार आधीच आहे ते पुन्हा येतं आणि जे झिजलंय ते येत नाही. ज्याने तीस वर्षं रंधा मारलाय त्याला पातं कुठलं घ्यायचं हे कळतं. त्याला दुकानात जाऊन निवडू द्यावं, एवढं तरी या योजनेने कारागिरावर सोपवावं.

आणि बिलाचं. कुदळ, फावडं, खुरपं अशा शेतीच्या हाती अवजारांवर जीएसटी नाही. पकड-पान्यावर अठरा टक्के आहे. त्यामुळे ‘बिल नको असेल तर इतकेच द्या’ हे वाक्य नागदेवीपासून गल्लीतल्या दुकानापर्यंत ऐकायला मिळतं. ते ऐकू नका. पुष्कळ कारागिरांचा समज असतो की आपण धंद्यासाठी हत्यार घेतलं, म्हणजे ग्राहक कायदा आपल्याला लागू नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वतःच्या कष्टावर पोट भरण्यासाठी वस्तू घेणारा स्वयंरोजगारी माणूस ग्राहकच असतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे फोन लावला की पहिल्यांदा बिलच विचारतात.